बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

महाराष्ट्रात ख्रिस्ती होण्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं गेलं, ते बहुतेक एकाच दिवसाभोवती फिरतं. नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली जौनपूरला बाटले, बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावात, पंडिता रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला, नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. हा दिवस एवढा मोठा का झाला, हे उघड आहे. त्या दिवसापासून पंगत बंद, सोयरीक बंद, पाणी बंद. १८५० चा कायदा होईपर्यंत वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्कही धोक्यात. १८४३ साली नारायण शेषाद्री मुंबईत ख्रिस्ती झाले आणि त्यांचा अजाण धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा कोर्टाने मुलाला बापाच्या ताब्यात दिलं. पुढे वाद पेटला तो मुलाच्या मनात देवाविषयी काय आहे यावरून नव्हे, तर त्याच्या पोटात कोणाचं अन्न गेलं यावरून. त्याला शुद्ध करून जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, त्यांनाही लोकांचा रोष पत्करावा लागला. नातलगांना, भिक्षुकांना, वर्तमानपत्रांना आणि कोर्टाला तारीख लागते, म्हणून बाप्तिस्म्याचा दिवस इतिहासात जाऊन बसला. पण ख्रिस्ती माणूस ज्याला नवा जन्म म्हणतो, देवाशी जुळलेलं नवं नातं म्हणतो, ते त्या तारखेला घडलेलं असतंच असं नाही. ते कधी घडलं हे शोधायचं तर त्या माणसाने पुढे कोणासाठी दार उघडलं आणि दारावरची कोणती अट काढून टाकली, हे बघावं लागतं, असं माझं म्हणणं आहे.

रमाबाईंचं उदाहरण यासाठी सगळ्यांत बोलकं आहे, कारण त्यांनी स्वतःच हा फरक लिहून ठेवला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या स्वच्छ सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त मात्र सापडलेला नाही. ज्या बाईने धर्म बदलला म्हणून पुण्याने तिला वाळीत टाकल्यासारखं केलं, जिच्यावर ‘केसरी’ने रकाने खर्ची घातले, ती बाई म्हणते की त्या वेळी मुख्य गोष्ट झालीच नव्हती. हे वाचून तिच्या विरोधकांना हसू यावं आणि तिच्या पाठीराख्यांना अवघडल्यासारखं व्हावं. दोन्ही बाजूंनी म्हणूनच बहुधा या वाक्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मिशनच्या चरित्रकारांना धर्मांतराची सरळ चढती रेघ हवी होती, आणि आपल्याकडच्या सुधारकी चरित्रकारांना रमाबाई त्यांनी १८८९ साली विधवांसाठी काढलेल्या शारदासदनापर्यंत पुरतात. त्यानंतरच्या प्रार्थना, उपास आणि केडगाव त्यांना जरा लाजिरवाणं वाटतं.

आठ वर्षं नेमकं काय अडलं होतं? त्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांची ही मुलगी चालत्या बिऱ्हाडात वाढली. देवळांत आणि घाटांवर पुराणं सांगायची, श्रोते देतील त्यावर जगायचं, उरेल ते दानधर्मात घालायचं. दक्षिणेतल्या दुष्काळात पैसा संपला, भांडीकुंडी विकली गेली, तरी अनुष्ठानं आणि दक्षिणा थांबल्या नाहीत. वडील, आई, मोठी बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास उत्तरेकडे पायी निघाले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीला अंगावर घालायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. या प्रवासात त्यांनी नियम मोडलेला नाही, तीर्थ चुकवलेलं नाही. पुण्य जोडायचं म्हणजे काय, हे अनुभवाने माहीत असलेली दुसरी सुशिक्षित बाई त्या शतकात शोधावी लागेल. आणि इतकं करूनही वरचा टप्पा बंदच होता. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती म्हणून गौरवलं, पण केशवचंद्र सेनांनी वेद वाचलेत का असं विचारलं तेव्हा स्त्रीला तो अधिकार नाही, असं रमाबाईंनी सांगितलं. सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली ती त्यानंतर. थोडक्यात, मेहनत सगळी करायची आणि पात्रता मात्र जन्माने ठरायची, असा हा व्यवहार होता.

वाँटेजला रमाबाई हा व्यवहार मागे सोडून गेल्या, असं आपण समजतो. पण त्यांची तिथली पत्रं वाचली तर वेगळंच चित्र दिसतं. ती पत्रं १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे छापली, आणि ती आजही फारशी कोणी वाचत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. वाँटेजच्या मठातली सिस्टर जेराल्डिन शाकाहाराबद्दल टोकते, त्यात तिला जातीचा अहंकार दिसतो. रमाबाई उत्तर देतात की मी हिंदू आहे आणि तसं म्हणवून घ्यायला मला आवडतं. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवायचं म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्या बिथरल्याच. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, येशूच्या देवत्वावर चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा वाद चालू आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महाप्रयासाने सुटलेली मी दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही, असं त्यांनी १८८५ साली बजावलं. आजच्या स्त्रीवादी अभ्यासकांना ही रमाबाई फार प्रिय आहे, आणि तिची बंडखोरी खरीच आहे. पण या पत्रांत देवाशी जुळलेल्या नात्याचा सूर जवळजवळ नाही. आहे ती न्यायसभा. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, प्रमाण, खंडन. ज्या गोऱ्हेशास्त्र्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंची बुद्धी ख्रिस्ती धर्माकडे वळली, त्यांचंही असंच झालं होतं. सहा दर्शनांचं खंडन करणारा हा काशीचा पंडित आयुष्यभर शंकांशी झगडत राहिला. युक्तिवादाने मनुष्य धर्म बदलू शकतो, एवढंच यावरून सिद्ध होतं.

यानंतर १८९१ च्या सुमाराला काय घडलं, याबद्दल रमाबाई फार थोडं सांगतात, आणि तेच बरं आहे. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांनी वाचलं. पाळक होऊन बरीच वर्षं लोटल्यावर, खुद्द चर्चच्या सेवेत असताना आपल्याला खरा ख्रिस्त भेटला, असं तो सांगतो. रमाबाईंना स्वतःची गोष्ट दिसली. त्यांना उमगलं ते असं: देवाने आपला स्वीकार करावा म्हणून आपण काही मिळवून आणायचं नाही, शुद्धही होऊन यायचं नाही, आहे तसं यायचं, बदल मागाहून. ख्रिस्ती धर्मशास्त्रात याला कृपा म्हणतात आणि प्रत्येक पाळक दर रविवारी ते सांगत असतो. पण जिने लहानपणापासून दाण्यादाण्याने पुण्य साठवलं, आणि बाप्तिस्मासुद्धा पुन्हा एक अनुष्ठान म्हणून घेतला, तिच्या बाबतीत हे कळणं म्हणजे आयुष्याचा पायाच बदलणं. वाँटेजला असताना फुलममध्ये ‘पतित’ स्त्रियांना सांभाळणाऱ्या भगिनींचं काम त्यांनी पाहिलं होतं, योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई वाचली होती, आणि असा देव आपल्याकडच्या पुराणांत नाही असं त्यांना वाटलं होतं. ती दुरून केलेली वाहवा होती. विहिरीवर पाणी मागणाऱ्या येशूसमोर उभी असलेली ती बाई आपणच आहोत, ही ओळख आठ वर्षांनी पटली.

अंतरंगात घडलेल्या गोष्टीचा पुरावा काय, असं कोणी विचारेल. त्यासाठी मी दोन संस्थांचे दरवाजे शेजारी ठेवून बघतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेलं शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. अमेरिकेत ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहून त्यांनी त्यासाठीच पैसा उभा केला होता. बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या असोसिएशनने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. योजना चांगली होती, पण तिला पात्रतेची अट होती, मग ती व्यवहाराने घातलेली का असेना. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि केडगावच्या माळरानावर ज्यांना घेऊन आल्या, त्यांत ही अट कुठेच दिसत नाही. कोणत्याही जातीची मुलगी, आजारी, उवा-खरजेने भरलेली, अत्याचार सोसलेली, काहींची कुळकथा कोणालाच ठाऊक नाही. पुढे आंधळ्यांसाठी सोय झाली, ज्यांना समाजाने बिघडलेल्या ठरवलं त्यांच्यासाठी कृपासदन झालं, म्हाताऱ्या आल्या. काही वर्षांत केडगावच्या या ‘मुक्ती’ संस्थेतली माणसं दीड हजाराच्या घरात गेली. दुष्काळ पडला म्हणून दार रुंदावलं, असं म्हणता येईल, आणि ते काही अंशी बरोबर आहे. पण दुष्काळ सगळ्यांनाच दिसत होता. स्वतः उपाशी मेलेल्या घरातून आलेल्या बाईला १८८९ सालीही भूक काय असते ते माहीत होतं. तरी तेव्हा तिने रेघ ओढली, आणि १८९७ साली ओढली नाही. या दोन तारखांच्या मध्ये १८९१ आहे. हा गणितातला पुरावा नव्हे, पण मला तो बाप्तिस्म्याच्या दाखल्यापेक्षा भक्कम वाटतो.

सगळ्यांत सोपा आक्षेप मानसशास्त्राचा: आईबाप गेले, भाऊ गेला, नवरा लग्नानंतर दीड-दोन वर्षांत पटकीने गेला, पदरी तान्ही मुलगी, अशा बाईने आधार शोधला, त्याला नवजीवन कशाला म्हणायचं? उत्तर असं की आधार तिला १८८३ सालीच मिळाला होता. मठ होता, भगिनी होत्या, मुलीची सोय होती. आधाराने भागलं असतं तर ती गप्प बसली असती. ती आठ वर्षं भांडत राहिली, याचा अर्थ ती दुसरंच काही मागत होती.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि त्यात तथ्य आहे. शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, या बोलीवर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार झाले होते, लोकांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंच्या खोलीचं दार प्रार्थनेच्या वेळी उघडं असे आणि मुली येऊन बसत. १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाई म्हणत की मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलतही नाही. कायद्याने हे चोख आहे. पण आश्रमातल्या पोरक्या मुलीवर सांभाळणाऱ्या बाईच्या उघड्या दाराचा किती भार पडतो, हे रमाबाईंसारख्या हुशार बाईला कळत नव्हतं असं मी मानत नाही. आपला नवा आनंद त्यांना दडवता आला नाही, हे खरं. आणि दिलेल्या शब्दाला जागण्याची अपेक्षा करणाऱ्या पालकांचा राग खोटा नव्हता, हेही खरं. नवजीवन मिळालेला माणूस त्या दिवसापासून निर्दोष होतो, असा दावा ख्रिस्ती धर्म करत नाही, तेव्हा आपण तरी का करावा?

तिसरा आक्षेप मराठी माणूस हमखास घेतो: हे सगळं आमच्या भक्तिपरंपरेत होतंच की. पात्रता न विचारणारा देव जनाबाईबरोबर दळत होता, चोखोबांबरोबर ढोरं ओढत होता. त्यासाठी वाँटेजला जायची काय गरज? रमाबाईंच्या लिखाणात वारकरी संत जवळजवळ नाहीत, आणि ही त्यांच्या हिंदू धर्माच्या चित्रातली मोठी उणीव आहे. त्या कर्नाटकात, रानात, संस्कृतात वाढल्या. पंढरीची वाट त्यांच्या वाट्याला आलीच नाही. नारायण वामन टिळकांची गोष्ट मात्र उलटी. कोकणात जन्मलेला, कीर्तनात आणि अभंगात मुरलेला हा कवी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियनाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांच्या बाबतीत जुन्याची आणि नव्याची सांगड आहे, तुटणं नाही. मग धर्म बदललाच का? माझ्या मते याचं उत्तर तुकोबांत नाही, पंढरपूरच्या देवळात आहे. अभंगांनी सांगितलेल्या त्या देवाचं दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि तेही साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केल्यावर. चोखोबा पायरीशीच राहिले. परंपरेत कृपा होती, पण ती गाण्यात होती; व्यवहाराने तिला सहाशे वर्षं उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. टिळकांना दोन्ही एकत्र हवं होतं.

ते चर्चमध्ये मिळालं का? पूर्णपणे नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं लबाडीचं होईल. नगर जिल्ह्यात महार आणि मांग समाजांतून ख्रिस्ती झालेल्यांमध्ये जातीचे भेद टिकले. गोऱ्या मिशनऱ्याचा पगार आणि देशी पाळकाचा पगार यांतलं अंतर सगळ्यांना दिसत होतं. टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, त्याच्या मागे हीच अस्वस्थता आहे. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. बावीस वर्षांपूर्वी ज्या विधीसाठी बायकोमुलापासून ताटातूट सोसली, तो विधी आता प्रवेशाची अट उरला नाही! इथेही तेच दिसतं: नातं जसं खोल गेलं, तशी अट गळून पडली. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार वाढू शकला नाही, त्यामुळे हा प्रयोग किती दूर गेला असता ते कोणी सांगू शकत नाही. मिशनच्या लोकांना तो धोक्याचा वाटला, आणि चर्च म्हणून विचार केला तर त्यांचं चुकलं नाही. संस्था अटींवरच उभी राहते.

सगळ्यांत जड आक्षेप भुकेचा आहे. केडगावला आलेल्या मुली उपाशी होत्या. ज्या हाताने भाकरी दिली त्याच हाताने शुभवर्तमान दिलं. अशा श्रद्धेला स्वतंत्र कसं म्हणायचं? मी याला पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. एवढंच म्हणेन की जन्माने मिळालेली श्रद्धाही कोणी निवडून घेतलेली नसते. तीही आईच्या हातच्या घासाबरोबरच येते. खरी कसोटी पोट भरल्यावर लागते. १९०५ साली मुक्तीत जी जागृती झाली तिच्यात शेकडो मुली मोठ्याने रडत, प्रार्थना करत होत्या, आणि हा प्रकार अनेक युरोपियन मिशनऱ्यांनाही मानवला नाही, कारण तो कोणाच्या शिस्तीत बसत नव्हता. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो मुक्तीचा छापखाना. संस्कृतात व्याख्यानं देणाऱ्या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून उतारवयात अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते मुद्दाम साध्या बायकांना वाचता येईल अशा बोलीत. आणि त्याचे खिळे जुळवले, प्रुफं काढली, पानं छापली ती मुक्तीतल्या बायकांनी. ज्यांच्या कानावर वेद पडू नये असं ठरलेलं होतं, त्या बायका धर्मग्रंथ अक्षर अक्षर हाताने रचत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. भाकरीच्या बदल्यात घेतलेल्या श्रद्धेतून माणूस हजेरी लावतो, जेवतो आणि संधी मिळाली की निघून जातो. कित्येक गेल्याही असतील. पण इतकं किचकट काम वर्षानुवर्षं करणाऱ्या बायकांना नुसत्या भाकरीच्या खात्यात टाकून मोकळं होणं हा त्यांचाच अपमान आहे.

हे सगळं मांडल्यावर नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी माझ्या क्रमाला धक्का दिला आहे, हे कबूल करायला हवं. रमाबाई आणि नारायणराव यांच्या बाबतीत आधी बाप्तिस्मा, मग नातं, मग अट सुटणं, असा क्रम लागतो. लक्ष्मीबाईंनी तो उलटा फिरवला. नवरा ख्रिस्ती झाल्यावर साडेचार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग संसारात परतल्या त्याही आपलं सोवळं, आपली चूल आणि आपलं पाणी सांभाळून. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या सांगतात त्याप्रमाणे त्यांचं परिवर्तन नव्या कराराच्या वाचनाने झालं नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, या प्रश्नावर त्यांनी एकटीने विचार केला, माणसांनीच केल्या असं ठरवलं आणि कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. सिद्धान्त नाही, हॅस्लम नाही, न्यायसभा नाही. देवाच्या नावाने घातलेली अट देवाची नाही हे पटलं, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा. पुढे परक्या पोरांना त्यांनी आपल्या घरात वाढवलं, आणि नवऱ्याने अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य स्वतः लिहून पुरं केलं, तेही शाळेचं शिक्षण नसताना. तेव्हा ही बाई ख्रिस्ती नेमकी कधी झाली, हा प्रश्न मी तसाच सोडून देतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी झाली असं चर्चचं रजिस्टर सांगेल. मला विचाराल तर तिने दुसऱ्याच्या घागरीतलं पाणी घेतलं तेव्हाच बरंचसं उरकलं होतं.